दोन दारांच्या मस्टँगमध्ये संसार

गाडी बघायला आलेला प्रत्येक जण आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, बोनेटवरून हात फिरवतो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "सगळं ठीक आहे, पण मुलगी कुठे बसते?"

मागे बसते. गेली सहा वर्षं मागेच बसते. डेट्रॉइटच्या उपनगरात राहून शाळा, किराणा, दवाखाना, मंडळाचा गणपती, सगळं आम्ही २०१८ च्या दोन दारांच्या फोर्ड मस्टँगमधून करतो. त्यातली पहिली चार वर्षं घरात दुसरी गाडीच नव्हती. त्यामुळे आता ओळखीत कुणाला अशा गाडीचा मोह झाला की त्या घरातून मला दोन फोन येतात. एक, ज्याला मोह झालाय त्याचा, पाठिंबा मागायला. दुसरा त्याच्या बायकोचा (एकदा उलटंही झालं आहे), विरोधाचे मुद्दे गोळा करायला. दोघांनाही जे सांगतो तेच इथे लिहितोय.

इथे हा मोह होणं साहजिक आहे. फोर्डचं मुख्यालय डिअरबॉर्नला, मस्टँगचा कारखाना फ्लॅट रॉकला, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. नवीन आलेला माणूस एकदा ती जत्रा बघतो आणि रात्री वापरलेल्या गाड्यांच्या किमती चाळायला लागतो. मी जे सांगणार ते मुख्यतः २०१५ ते २०२३ या पिढीच्या मस्टँगबद्दल, कारण वापरलेल्या बाजारात तीच सगळ्यात जास्त मिळते. बाकीच्या कूपेंना, म्हणजे अशाच दोन दारांच्या, उतरत्या छताच्या गाड्यांना, त्यातलं बरंच लागू पडतं.

आधी डोकी मोजा

ही पायरी सगळ्यात सोपी आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मस्टँगला सीटबेल्ट चारच आहेत. मागे दोन खोलगट सीटा आणि मधे उंचवटा. "मधे लहान मूल बसेल की" असं म्हणायची सोय नाही.

तुम्ही दोघं आणि एक मूल, तर प्रश्न नाही. दोन मुलं, तर जमतं, पण रोज कसरत आहे. तीन मुलं असतील तर हा लेख इथेच सोडा.

आता खरी गोम. नोव्हेंबरात सगळं आलबेल असतं, आणि एप्रिलमध्ये भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. दोन अधिक दोन अधिक एक, म्हणजे पाच. एक माणूस घरी राहणार किंवा दुसरी गाडी निघणार. शिवाय मागे बसायचं तर पुढची सीट मोडून, वाकून, एक पाय आत, मग डोकं, मग कंबर, मग दुसरा पाय. ज्यांना भारतीय बैठकीवरून उठताना भिंतीला हात टेकावा लागतो त्यांना हे करायला सांगू नका. माझी आई पहिल्याच दिवशी आत गेली, आणि बाहेर येताना मधेच थांबून म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की बोळ?" त्यानंतर ठरलं ते ठरलं: आई कायम पुढे, बायको मुलीशेजारी मागे, आणि बाबांना घेऊन जायचं असेल तर दोन फेऱ्या. एका उन्हाळ्यात आम्ही सरळ महिनाभर मिनीव्हॅन भाड्याने घेतली. तुमच्याकडे दरवर्षी आई-वडील येणार असतील तर तो खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

डोकी पाच आणि हट्ट कूपेचाच असेल तर डॉज चॅलेंजर बघा. तिला मागे तीन सीटबेल्ट आहेत, पायांना जागा जास्त आहे, डिकी मोठी आहे. २०२३ च्या अखेरीस ती बनायची बंद झाली, पण वापरलेल्या भरपूर मिळतात. शेव्हरोले कॅमॅरोच्या वाटेला मूल असेल तर जाऊ नका, मागची सीट नावापुरती आणि डिकी मस्टँगहून बरीच लहान. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या गाड्या चालवायला मला मस्टँगपेक्षा जास्त आवडतात, पण त्यांची मागची सीट दप्तर ठेवायला आहे.

मुलाची सीट घेऊनच गाडी बघायला जा

टेप नको, कागदावरचे आकडे नकोत. घरातली कार सीट उचला, मूलही बरोबर घ्या, आणि शोरूमच्या अंगणात ती सीट प्रत्यक्ष लावून बघा. मला एका विक्रेत्याने "आरामात बसते" असं छातीठोक सांगितलं होतं. त्याने ती सीट कधी लावली नव्हती हे त्याच्या कपाळावरच्या घामावरून पाचव्या मिनिटाला कळलं.

मागच्या सीटची पायांची जागा कागदावर २९ इंच आहे आणि डोक्यावरची ३४.८ इंच. पण मुलाचं वय बदललं की वेगळाच आकडा अडचणीत आणतो, म्हणून वयाप्रमाणे बघू.

तान्हं मूल असेल तर सीट मागे तोंड करून लावायची असते, आणि अशी सीट पुढून मागे फार जागा खाते. मित्राच्या चार महिन्यांच्या बाळाची सीट आम्ही एकदा लावून बघितली. लागली. पण तिच्यापुढच्या सीटवर बसलेल्या बाळाच्या आईचे गुडघे ग्लोव्ह बॉक्सला टेकले. मागे तोंड करून मूल जितकं जास्त काळ बसेल तितकं बरं, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ही अडचण दोन-तीन महिन्यांची नसून दोन-तीन वर्षांची आहे. बाळ येणार असेल तर माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊ नका, तीन वर्षं थांबा. तोवर किंमतही उतरेल.

पुढे तोंड करून बसणारं, साधारण तीन ते सहा वर्षांचं मूल हा या गाडीचा सुवर्णकाळ. सीट नीट बसते, मुलाचे पाय अजून आखूड असतात. सीटमागचा वरचा पट्टा अडकवायची कडी मागच्या काचेखालच्या फळीवर आहे. उतरत्या काचेखाली हात घालून तो पट्टा ओढताना बोटं सोलवटतात, पण ते एकदाच करायचं आहे. तो पट्टा अडकवायचाच, "बाकी घट्ट बसलीय" म्हणून सोडून द्यायचा नाही.

मुलाची सीट गाडीला अडकवायच्या ज्या खालच्या दोन कड्या असतात, त्यांना वजनाची मर्यादा असते हे पुष्कळांना माहीत नसतं. इथल्या सीटांना बहुतेक वेळा मूल आणि सीट मिळून ६५ पौंड, म्हणजे साधारण साडेएकोणतीस किलो. सीटच वीस-पंचवीस पौंडांची असते. त्यामुळे मूल चाळीस पौंडांच्या आसपास गेलं की कड्या सोडून सीटबेल्टने सीट बांधायची वेळ येते. नेमका आकडा सीटवर चिकटवलेल्या कागदावर असतो.

बांधून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा. अरुंद जागेत हे जमत नसेल तर प्रशिक्षित तपासनीस बऱ्याच गावांत फुकट मदत करतात. कुठे अग्निशमन केंद्रात, कुठे रुग्णालयात. लाजू नका. मी स्वतः दोनदा गेलोय.

मूल बूस्टरवर, म्हणजे सीटबेल्ट नीट बसावा म्हणून उंच करणाऱ्या बैठकीवर, आलं की वेगळंच त्रांगडं होतं. पाठ असलेला उंच बूस्टर उतरत्या छताला आणि काचेला अडतो. बिनपाठीचा घ्यावा तर मुलाच्या कानापर्यंत मागे आधार हवा, आणि मस्टँगच्या मागच्या सीटला वर-खाली होणारं हेडरेस्ट नाही. आम्ही तीन बूस्टर आणून लावून बघितले, दोन परत केले. मिशिगनमध्ये मूल आठ वर्षांचं किंवा चार फूट नऊ इंचांचं होईपर्यंत बूस्टर लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून कायदा आणखी कडक झाला आहे: तेरा वर्षांखालच्या मुलाने मागेच बसायचं. तेव्हा "थोडी मोठी झाली की पुढे बसवू" हा हिशेब करू नका.

आणि एक गोष्ट गाडी घ्यायच्या आधी माहीत असावी. २०१७ च्या जानेवारीत युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने युरोपात विकल्या जाणाऱ्या मस्टँगला पाचपैकी दोनच तारे दिले होते. पुढे गाडीत सुधारणा झाल्या आणि त्याच वर्षी तीन तारे मिळाले, पण मुलांच्या सुरक्षेचे गुण ३२ टक्केच होते. याच गाडीला अमेरिकेच्या सरकारी चाचणीत पाच तारे आहेत. दोन्ही खरं आहे. अमेरिकी ताऱ्यांमध्ये मागे बसलेल्या मुलाचा हिशेबच धरत नाहीत, युरोपात धरतात. मला हे गाडी घेऊन वर्ष झाल्यावर कळलं, आणि त्या रात्री घरात जेवणाच्या टेबलावर फारसं कुणी बोललं नाही. आम्ही गाडी ठेवली. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण आकडा दोघांनी मिळून बघा.

इंजिन

यावर लोक तासन् तास बोलतात, मी दोन ओळीत आटोपतो. मूल असेल तर चार सिलिंडरची २.३ लिटरची इकोबूस्ट घ्या. ३१० अश्वशक्ती आहे, शाळेच्या वाटेवर त्यातली शंभरही लागत नाही. "ॲव्हरेज किती देते?" या आपल्या राष्ट्रीय प्रश्नाचं उत्तर: ऑटोमॅटिक असेल तर शहरात गॅलनला वीस-एकवीस मैल, हायवेला तिशीच्या आसपास. पाच लिटरची व्ही-८ शहरात पंधरा-सोळावर येते. तिचा आवाज फार सुंदर आहे, हे कबूल. झोपलेलं मूल त्या आवाजाने गॅरेजमध्येच उठतं.

विम्याचा आकडा गाडी ठरवायच्या आधी मागवा, नंतर नको. मिशिगनमध्ये गाडीचा विमा आधीच महाग. त्यात मस्टँग, आणि त्यात तुमचं इथलं लायसन्स नवं असेल तर महिन्याचा हप्ता ऐकून उत्साह आपोआप निम्मा होतो.

रोज मुलाला बसवायचं कसं

आता जे लिहितोय ते कुठल्या माहितीपत्रकात नसतं. ते पाठीच्या कण्याने शिकलेलं आहे.

मुलाची सीट उजवीकडे, म्हणजे पुढच्या प्रवाशाच्या मागे लावा. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि तुमची सीट रोज पुढे-मागे केलीत तर ती पुन्हा जागेवर आणायला वेळ जातो. शिवाय उजवीकडचं दार फुटपाथच्या बाजूला उघडतं.

पार्किंगचा हिशेब करा. गाडीची रुंदी आरसे सोडून ७५.४ इंच. नऊ फुटांची जागा म्हणजे १०८ इंच. दोन्ही बाजू मिळून उरतात साडेबत्तीस इंच. गाडी मधोमध लावलीत तर प्रत्येक बाजूला सोळा इंच, आणि तुमचं दार चार फुटांच्या वर लांब. ते अर्धंही उघडत नाही. म्हणून गाडी मुद्दाम डाव्या रेषेला खेटून लावायची, स्वतः पोट आत घेऊन उतरायचं आणि उजवीकडे मोकळीक ठेवायची. त्याहून बरं, रांगेतली शेवटची जागा शोधायची. दुकानाच्या दारापासून लांब असली तरी चालेल. आमची मुलगी चार वर्षांची असतानाच पार्किंगमध्ये शिरताना ओरडायला लागली होती, "बाबा, कोपरा!"

मुलाला बाहेर उभं राहून बांधायचा प्रयत्न करू नका. पहिले दोन महिने मी तेच करत होतो: दारातून वाकायचं, पुढची सीट पोटाला टोचतेय, डोकं छताला, आणि दोन्ही हात एका बकलापर्यंत पोचवायचे. तिसऱ्या महिन्यात कंबर धरली. मग बायकोने रीत काढली. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवायची, आधी मुलाला त्याच्या सीटवर चढू द्यायचं, मग स्वतः आत जाऊन त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर तिरकं बसायचं, आणि शांतपणे बसल्या-बसल्या पट्टे लावायचे. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत, खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता येत नाही इतका घट्ट. मग बाहेर यायचं. वीस सेकंद जास्त लागतात, पण पावसात तुमची पाठ भिजत नाही.

दोन मुलं असतील तर लहान आधी, मोठं नंतर, आणि मोठ्याला स्वतः बांधून घ्यायला शिकवा. तेही जमेपर्यंत ही गाडी दोन मुलांच्या घराला मी सुचवत नाही.

शाळेची रांग हे वेगळं प्रकरण आहे. सकाळी गाड्या सरकत येतात, शिक्षिका मागचं दार उघडतात, मूल उतरतं, गाडी पुढे. तुमच्या गाडीला मागचं दारच नाही. शिक्षिका काचेवर हात ठेवून क्षणभर शोधतात. मग तुम्ही उतरा, वळसा घाला, सीट मोडा, मूल काढा, दप्तर काढा, डबा विसरला म्हणून पुन्हा आत जा. मागे दहा मिनीव्हॅन थांबलेल्या, आणि कुणी हॉर्न वाजवत नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटते. पहिल्या आठवड्यातच मी रांग सोडली. गाडी लांब लावून चालत सोडायला जायला लागलो. मुलगी सात वर्षांची झाल्यावर सीटच्या खांद्यावरचा खटका ओढून स्वतः बाहेर यायला शिकली, तेव्हा आम्ही पुन्हा रांगेत गेलो.

दोन दारांचे फायदेही आहेत. मूल स्वतः दार उघडू शकत नाही, त्यामुळे चाइल्ड लॉकची काळजी नाही. पार्किंगमध्ये ते तुमच्या आधी धावत सुटत नाही. आणि मागची काच उघडत नाही, त्यामुळे चॉकलेटचे कागद आतच राहतात. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे मागे हवा कमी पोचते. एसीची वेगळी झडप मागे नाही, म्हणून उन्हाळ्यात पुढच्या दोन्ही मधल्या झडपा वर करून छताच्या दिशेने सोडायच्या, म्हणजे गार हवा मागे उतरते. बाजूची काच लहान आणि खिडकीची कड उंच, त्यामुळे लहान मुलाला बाहेरचं फारसं दिसत नाही आणि मळमळतं. लांबच्या प्रवासात आम्ही दर दीड तासाला थांबतो. आवळासुपारीची डबी कायम मधल्या खणात असते.

मागची सीट आरशात नीट दिसत नाही, दारही वेगळं नाही, तेव्हा झोपलेलं मूल मागे आहे हे विसरायची भीती इथे जास्त. मी ऑफिसची बॅग मागे मुलाच्या पायाशी ठेवतो. बॅग घ्यायला सीट मोडावीच लागते.

डिकी

डिकी साडेतेरा घनफुटांची आहे, कूपेच्या मानाने चांगली. अडचण तिच्या तोंडाची आहे. आत जागा आहे पण दार टपालपेटीसारखं. त्यामुळे बाबागाडी घेताना तिचं वजन किंवा रंग न बघता घडी बघा. छत्रीसारखी लांबट मिटणारी आत सरकते. मोठी, कार सीटसकटची येते ती नाही.

आठवड्याचा किराणा, वीस पौंडांची तांदळाची पोती दोन, कणकेचं एक, आरामात मावतं. मागच्या सीटा अर्ध्या-अर्ध्या मोडतात, तेव्हा मुलाच्या शेजारची मोडून लांब वस्तूही जाते. मंडळाच्या कार्यक्रमाला चाळीस जणांचा मसालेभात नेताना मोठं पातेलं डिकीत आडवं होतं हे एकदा अनुभवून झालं. तेव्हापासून पातेलं पुढच्या प्रवाशाच्या पायाशी, सपाट जमिनीवर, दोन टॉवेल गुंडाळून. गणपती मात्र मांडीवरच, पुढच्या सीटवर, आणि त्या दिवशी मी गाडी पंचवीसच्या वर नेत नाही.

विमानतळ ही या गाडीची हार आहे. भारतातून येणाऱ्या माणसाजवळ तेवीस किलोच्या दोन बॅगा, दोन माणसं म्हणजे चार. मोठ्या दोन डिकीत गेल्या तर नशीब समजा. उरलेल्या दोन मागच्या सीटवर ठेवल्या तर माणसं कुठे? रात्री अकरा वाजता, बावीस तास प्रवास करून आलेल्या सासऱ्यांसमोर हे गणित सोडवायला घेऊ नका. मित्राची मिनीव्हॅन आधीच सांगून ठेवा आणि त्याला मसालेभात द्या.

बर्फ

"मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात?" असं सगळे विचारतात. चालते, टायर बदलले तर. सगळा खेळ टायरचा आहे.

परफॉर्मन्स पॅकेज, म्हणजे मोठे ब्रेक वगैरेंचा जादा संच, घेतलेल्या गाड्यांना कारखान्यातून उन्हाळी टायर येतात. सात अंश सेल्सियसच्या खाली त्यांचं रबर कडक होतं आणि पकड जाते. बर्फ पडायची वाट बघायची गरज नाही, नोव्हेंबरातली कोरडी थंड सकाळ पुरते. साध्या गाडीला बारमाही टायर असतात, ते थोडे बरे. पण मागे मूल बसणार असेल तर हिवाळी टायरांचा वेगळा संच घ्याच, आणि चारही चाकांना. आमचा १७ इंची रिमवर चढवलेला आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधी चढतो, एप्रिलच्या मध्यावर उतरतो, आणि मधल्या काळात दुसरा संच गॅरेजमध्ये चळत करून ठेवलेला. मोठे ब्रेक असलेल्या गाडीला १७ इंची रिम बसत नाही, तेव्हा विकत घ्यायच्या आधी विचारा.

गाडीत बर्फ आणि पावसासाठी वेगळा मोड आहे. तो लावला की पाय दाबला तरी गाडी संथपणे वेग घेते. वापरा, त्यात कमीपणा नाही. टायर नवे असतानाच एका रिकाम्या पार्किंगमध्ये, मुलाला घरी ठेवून, मुद्दाम ब्रेक मारून बघा. गाडीची शेपूट कधी आणि किती सरकते हे आधी माहीत असलेलं बरं.

टायर कितीही चांगले असले तरी गाडी ठेंगणी आहे. रात्री बर्फ काढणारी गाडी रस्ता साफ करून जाते आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी शेताच्या बांधासारखा बर्फाचा बांध घालून जाते. शेजाऱ्याची एसयूव्ही त्यावरून जाते. तुम्ही फावडं घ्या. शाळेला निघायच्या वेळेत पंधरा मिनिटं वाढवा.

बहुतेक कूपेंच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. मस्टँगच्याही नाही. दाराची कडी ओढली की काच आधी अर्धा इंच खाली सरकते, मग दार सुटतं. बंद केल्यावर काच पुन्हा वर जाऊन रबरात बसते. आता पाऊस पडून रात्रीत गोठलं असेल तर काच रबराला चिकटते, खाली सरकत नाही, आणि घाईत दार हिसकलं तर रबर फाटतं किंवा काचेच्या यंत्रणेवर ताण येतो. यावर उपाय दोन. डिसेंबरच्या सुरुवातीला दोन्ही दारांच्या रबरांना सिलिकॉनचं ग्रीस फडक्याने हलकं चोळा. आणि सकाळी दहा मिनिटं आधी घरातून रिमोटने गाडी सुरू करा. तरीही चिकटलीच तर तळहाताने काचेच्या कडेने हळूहळू दाबत जा. गरम पाणी ओतू नका, ते पाच मिनिटांत पुन्हा गोठतं.

थंडीत आणखी एक. फुगीर जॅकेट घालून मुलाला पट्ट्यात बांधायचं नाही. पट्टा घट्ट वाटतो पण आत नुसती हवा असते. आम्ही जॅकेट काढून, बांधून, मग तेच उलटं करून पुढून पांघरतो. हे सगळं त्या बोळात बसून करायचं असतं, म्हणून गाडी आधी गरम हवी.

रस्त्यावर मीठ टाकतात ते गाडीच्या पोटाला लागतं. हिवाळ्यात दोन आठवड्यांतून एकदा तरी खालून पाणी मारणारी धुलाई करून घ्या. वापरलेली गाडी घेतानाही खाली वाकून बघा, वरचा रंग सगळेच चमकवतात.

पुण्यातून विचारणाऱ्यांसाठी

भाचा विचारत असतो म्हणून लिहितो. फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग भारतात आणली होती, पाच लिटरची व्ही-८, किंमत ६५ लाख. तिची जमिनीपासूनची उंची १३७ मिलिमीटर. सोसायटीच्या गेटवरचे गतिरोधक आठवा आणि निर्णय घ्या. आता वापरलेलीच मिळेल, आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यावर सुट्या भागांची वाट बघणं आलंच. दोन दारांची गाडी घरात हवीच असेल तर तीन दारांची थार हा सरळ पर्याय आहे. कूपे नाही, पण पुढची सीट मोडून मागे चढायची सवय तिथेही तीच. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही चार-चार तारे दिले होते. आणि घरच्यांनी नाहीच म्हटलं तर २०२४ पासून पाच दारांची थार रॉक्सही आहे.

गाडी कधी सोडायची

तारीख ठरवायची नाही, दोन खुणा बघायच्या. पहिली: मूल नीट टेकून बसलं असताना त्याचं डोकं मागच्या काचेपासून किती लांब आहे. मी दर वाढदिवसाला मधे हात घालून बघतो. सुरुवातीला पंजा उभा जात होता, गेल्या वर्षी तीन बोटं गेली. दुसरी: गुडघे पुढच्या सीटला लागतात का. लागायला लागले की मूल सीटच्या पाठीत लाथा मारतं, आणि ते खोडीने नसतं.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. परवा तिने स्वतःच हात घालून बघितला, दोन बोटं गेली. मग म्हणाली, आपण केस कापूया.